मधल्या वर्षांचा भार

1990 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात एक योजना सुरू झाली. नाव लांबलचक आणि सरकारी : रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड. कल्पना मात्र सरळ होती. छोट्या शेतकऱ्याने आपल्याच रानात खड्डे खणायचे, कलमे लावायची, त्यांना पाणी घालायचे, राखण करायची. आणि या कामाची मजुरी सरकारने द्यायची. अनुदान तीन वर्षांत विभागलेले आणि जगलेल्या झाडांशी बांधलेले. वि. स. पागे यांनी कामाच्या हक्कासाठी आखलेली हमी अशी शेताच्या बांधाच्या आत आली. कोकणच्या कातळउतारांवर हापूस आणि काजू उभे राहिले, सांगोल्याच्या माळावर डाळिंब, जालन्याकडे मोसंबी. त्याआधी राज्यात फळबागांखाली अडीच लाख हेक्टरांच्या आसपास जमीन होती. पुढच्या पंधरा वर्षांत हा आकडा दहा लाखांच्या पलीकडे गेला.

आंबा लावला तर पैसा मिळतो, हे देवगड-राजापूरच्या शेतकऱ्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. त्याची अडचण वेगळी होती. कलम लावल्यापासून फळ हाती येईपर्यंतची चार-पाच वर्षे खायचे काय? नाचणी-वरी सोडून झाड लावायचे तर मधल्या वर्षांत घर चालायचे कसे? सरकारने त्याला उपदेश केला नाही; ती वर्षे अंगावर घेतली. महाराष्ट्राच्या शेतीधोरणात इतका नेमका निर्णय क्वचितच झाला असेल.

शेती आणि अन्नव्यवस्था अधिक टिकाऊ कशी करायची, याची चर्चा आज जगभर चालू आहे. पुढील पानांचा विषयही तोच आहे. पण या चर्चेत एक ठरावीक चूक होते. बहुतेक लिखाण तंत्राबद्दल असते : कोणते खत, कोणते वाण, किती पाणी, कोणते पीक कोणत्या पिकानंतर. तंत्र महत्त्वाचे आहेच, पण त्याचा दुष्काळ नाही. कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून साध्या शेतकऱ्यांना आपल्या शेतातले शास्त्रज्ञ केले, त्याला अर्धशतक उलटले. मालदांडीसारखे कमी पाण्यावर येणारे ज्वारीचे वाण मोहोळच्या संशोधन केंद्रातून स्वातंत्र्यापूर्वीच बाहेर पडले होते. ठिबक, पाणलोट, आंतरपीक, शेणखत, यांतले काहीही नवे नाही. तरीही बदल होत नाही, किंवा होतो आणि टिकत नाही. कारण शेतकरी एका पद्धतीकडून दुसरीकडे जातो तेव्हा मध्ये काही वर्षे अशी येतात की जुने उत्पन्न घटलेले असते आणि नवे सुरू झालेले नसते. त्या वर्षांचा भार कोणी उचलायचा, हे ठरवणे म्हणजेच शेतीच्या संक्रमणाचा कारभार. तो कायद्यात असतो, भावात असतो, पाण्याच्या पाळीत असतो, सरकारी खरेदीत असतो आणि ग्रामसभेच्या ठरावातही असतो.

हा भार एका रात्रीत शेतकऱ्याच्या डोक्यावर टाकला तर काय होते, ते श्रीलंकेने पाहिले.

6 मे 2021 रोजी श्रीलंका सरकारने राजपत्रातून रासायनिक खते आणि कीटकनाशकांच्या आयातीवर बंदी घातली. राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांनी 2019 च्या निवडणुकीत सेंद्रिय शेतीचे वचन दिले होते, पण ते दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने जाण्याचे होते. प्रत्यक्षात दहा वर्षांचे काम एका राजपत्रात उरकले गेले. त्यामागे जमिनीच्या आरोग्याची काळजी होती, मूत्रपिंडाच्या आजाराची भीती होती, आणि रिकाम्या होत चाललेल्या परकीय गंगाजळीचा दबावही होता. 1962 पासून त्या देशात खतावर अनुदान मिळत होते. दोन पिढ्या भातशेती त्या गोणीवर उभी होती, आणि ती गोणीच एका हंगामात काढून घेण्यात आली. पुरेसे कंपोस्ट देशात तयार होत नव्हते. चीनहून मागवलेल्या सेंद्रिय खताच्या जहाजातल्या नमुन्यांत घातक जीवाणू सापडल्याचे सांगून ते खत नाकारले गेले आणि नंतर त्या कंपनीला लाखो डॉलर मोजावे लागले. तांदळाच्या बाबतीत जवळपास स्वयंपूर्ण असलेल्या देशाला बाहेरून तांदूळ आणावा लागला. चहाचे मळे हे निर्यातीचे मोठे साधन. तिथेही उत्पादन घसरले. शेतकरी रस्त्यावर आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घेतली गेली. दहा लाखांहून अधिक भातशेतकऱ्यांसाठी भरपाई जाहीर करावी लागली. 2022 च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्षांनी स्वतःच तो निर्णय चुकल्याचे मान्य केले आणि जुलैमध्ये त्यांना देश सोडून जावे लागले. श्रीलंकेच्या कोसळण्यामागे कर्ज, करकपात, कोविडने बुडवलेले पर्यटन अशी अनेक कारणे होती. सगळा दोष खतबंदीवर टाकणे चुकीचे ठरेल. पण देशाच्या पोटाला पहिला चिमटा बसला तो या निर्णयाने.

या घटनेचा उपयोग पुढे सेंद्रिय शेतीला नावे ठेवण्यासाठी फार झाला. ते अन्यायाचे आहे. श्रीलंकेत हरली ती सेंद्रिय शेती नव्हे. हरला तो एक उतावळा हुकूम, ज्यात भाताच्या खाचरात उभ्या असलेल्या माणसाला पुढच्या हंगामासाठी काहीच दिलेले नव्हते.

सिक्कीमने हाच प्रवास वेगळ्या चालीने केला. 2003 मध्ये विधानसभेने ठराव केला. मुख्यमंत्री पवन चामलिंग यांच्या सरकारने रासायनिक खतांवरचे अनुदान दरवर्षी थोडे थोडे कमी करत नेले. 2010 मध्ये स्वतंत्र मिशन उभे राहिले, गटागटाने प्रमाणीकरण झाले, 2014 मध्ये रसायनांच्या वापराला शिक्षेचा कायदा आला, आणि 2016 च्या जानेवारीत सुमारे 75 हजार हेक्टर शेतजमीन असलेले हे राज्य पूर्णपणे सेंद्रिय म्हणून जाहीर झाले. म्हणजे तेरा वर्षे लागली. मुळातच डोंगरउतारावरच्या त्या शेतीत खताचा वापर कमी होता, हेही विसरता येत नाही. सिक्कीमची कहाणी तिथे संपतही नाही. 2018 मध्ये बाहेरून येणाऱ्या काही भाज्यांवर बंदी घातल्यावर बाजारात भाव चढले. तांदळासाठी राज्य आजही सिलीगुडीकडून वर चढणाऱ्या ट्रकांवर अवलंबून आहे. वेलची आणि आले सेंद्रिय झाले, पण चांगला भाव देणारा ग्राहक शोधण्याचे काम मागे राहिले. शेत बदलले, ताट आणि बाजार तेवढे बदलले नाहीत. संक्रमण शेतीचे करायचे की अन्नव्यवस्थेचे, हा भेद सिक्कीमकडे पाहून नीट कळतो.

आता उसाकडे. महाराष्ट्राच्या वाचकाला हा विषय टाळता येत नाही, आणि तो नीट समजून घ्यायचा तर ऊस लावणाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून चालणार नाही.

विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा तो शेतकऱ्याच्या मुक्तीचा कार्यक्रम होता. सावकाराच्या आणि खासगी कारखानदाराच्या तावडीतून सुटलेल्या शेतकऱ्याने स्वतःचा कारखाना काढला. त्यातून शाळा, दवाखाने, रस्ते, दूधसंघ आले. त्या काळाच्या संदर्भात याहून मोठे संक्रमण झाले नव्हते. पण त्याच यशाने पुढच्या संक्रमणाची वाट अडवली. कृषी खर्च व मूल्य आयोगाने दशकभरापूर्वीच्या आपल्या अहवालात नोंदवले होते की महाराष्ट्रात लागवडीखालच्या चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचे सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी घेतो. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी पोहोचवावे लागले. त्याच लातूर जिल्ह्यात साखर कारखाने उभे आहेत आणि त्यांच्या भोवती ऊस उभा असतो.

मग शेतकरी ऊसच का लावतो? कारण बाकी कोणत्याही पिकाला उसाइतकी खात्री नाही. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाने कारखान्याला ठरलेला भाव देणे बंधनकारक केले. 2009 पासून रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, लागू आहे. 2024-25 च्या हंगामासाठी तो 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 340 रुपये होता. ऊस तुटल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत, असा नियम आहे. पैसे थकतात, आंदोलने होतात, काटामारीच्या तक्रारी होतात; पण शेवटी ऊस जातो आणि पैसे येतात. तोडणी टोळी कारखाना पाठवतो, वाहतूक कारखाना करतो, सोसायटीचे कर्ज बिलातून वळते होते. गारपीट झाली तरी ऊस द्राक्षासारखा एका रात्रीत जात नाही. लागण एकदा केली की खोडवाही मिळतो. याउलट ज्वारीलाही हमीभाव जाहीर होतो, तुरीलाही होतो. पण खरेदी केंद्र कधी उघडेल, बारदाना कधी येईल, ओलावा किती धरतील, हे शेतकऱ्याला ठाऊक नसते. दोन एकरवाल्या बागायतदाराने ऊस सोडून ज्वारी-हरभऱ्याकडे वळावे, असे सांगणारा माणूस त्याला खात्री सोडून जुगारात उतरायला सांगत असतो. त्यात अलीकडे इथेनॉलची भर पडली आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के मिश्रणाचे लक्ष्य देशाने 2025 मध्ये गाठले. मक्यासारखे धान्य आता त्यात मोठा वाटा घेते, तरी कारखान्यांना साखरेशिवाय उत्पन्नाचा दुसरा दरवाजा मिळाला, तो उसाचीच खात्री वाढवणारा आहे.

यावर नियम झाले नाहीत असे नाही. 1980 च्या दशकात आठमाही सिंचनाचे धोरण आले : कालव्याचे पाणी आठ महिने, उन्हाळी पाळ्या नाहीत, म्हणजे बारमाही ऊस आपोआप मर्यादित राहील. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने 1999 च्या अहवालात अतितुटीच्या खोऱ्यांत ऊस नको, असे स्पष्ट सुचवले. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात बारमाही पिकांसाठी ठिबकची तरतूद आली. 2017 मध्ये मंत्रिमंडळाने उसासाठी टप्प्याटप्प्याने ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला आणि दोन टक्के व्याजाने कर्ज देऊ केले. कागद पाहिला तर महाराष्ट्रासारखे सजग राज्य नाही. पण आठमाहीतली पोकळी विहिरींनी आणि उपशाने भरून निघाली, आयोगाची शिफारस बासनात राहिली आणि ठिबकच्या सक्तीची मुदत उलटून गेली. कारण या साऱ्या निर्णयांनी पाण्याची बाजू धरली, भावाची बाजू सोडून दिली. एका हाताने पाणी आवळायचे आणि दुसऱ्या हाताने उसाची खात्री वाढवायची, अशी दोन धोरणे एकाच वेळी चालू राहिली. शेतकऱ्याने खात्रीच्या हाताकडे पाहिले. दुसऱ्या कोणी त्याच्या जागी वेगळे केले नसते.

आणि या हिशेबात एक माणूस जवळजवळ कोणीच धरत नाही : ऊसतोड कामगार. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी लाखो कामगार दिवाळीच्या आगेमागे उचल घेऊन, मुलाबाळांसह फडावर जातात. त्यांचे जगणे हलाखीचे आहे. बीडमधल्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी 2019 मध्ये सरकारी समितीला करावी लागली, यावरून ती हलाखी कळावी. पण ऊस कमी झाला तर पहिला रोजगार त्यांचाच जाईल. जमीन नसलेल्यांचा विचार न करता केलेले संक्रमण हे सातबाऱ्यावर नाव असलेल्यांपुरतेच राहते.

हा विचार महाराष्ट्रात एका माणसाने फार पूर्वी केला होता. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावला पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. त्याचे नियम आजही वाचताना थक्क व्हायला होते. पाणी जमिनीच्या आकारावर नव्हे, घरातल्या माणसांच्या संख्येवर : माणशी अर्ध्या एकराचे, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. ऊस घ्यायचा नाही. खर्चाचा वाटा सदस्यांनीच उचलायचा. इथे ऊसबंदी कोणा अधिकाऱ्याने लादलेली नव्हती. ज्यांना पाणी मिळणार होते त्यांनीच ती स्वीकारली होती आणि बदल्यात प्रत्येकाला एका पिकाची हमी मिळत होती. हिवरे बाजारमध्ये पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने ग्रामसभेने शेतीसाठी बोअरवेल बंद केल्या, ऊस आणि केळीला मनाई केली, आणि दरवर्षी पावसाचा हिशेब मांडून त्या वर्षीची पिके ठरवण्याची शिस्त लावली. पाऊस कमी झाला तर आधी माणसे आणि जनावरे, मग पिके. या गावाला रोज भेटी देणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्याचे अनुकरण करून टिकलेली गावे मात्र हाताच्या बोटांवर मोजावी लागतात. गावाचा नियम गावाच्या शिवेवर थांबतो, हे त्याचे एक कारण आहे. पलीकडच्या गावात कालव्याचे पाणी आणि कारखान्याचा गट असेल तर अलीकडच्या ग्रामसभेने कितीही ठराव केले तरी तरुणांची नजर पलीकडे जातेच.

मघाच्या फळबागांचे पुढे काय झाले, हेही इथेच सांगायला हवे. 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या. टँकरने पाणी घालूनही झाडे जगली नाहीत, आणि बहरातली झाडे शेतकऱ्यांनी स्वतः तोडून सरपण केली. 1990 च्या योजनेने मधल्या वर्षांचा भार उचलला, पण तिथल्या भूजलात तेवढी झाडे पोसण्याची ताकद आहे का, हा प्रश्न विचारला नव्हता. पैशाचा भार सरकारने घेतला आणि पाण्याचा भार जमिनीखाली ढकलला.

एका बाजूचा भार दुसरीकडे ढकलला जाण्याचे सर्वांत ठळक उदाहरण पंजाबात आहे. भूजल वाचवण्यासाठी 2009 च्या कायद्याने 10 जूनपूर्वी भाताची लावणी करायला मनाई केली. हेतू उत्तम होता. पण लावणी पुढे गेली तशी कापणीही पुढे गेली, गव्हाच्या पेरणीला हातात मोजके दिवस उरले, शेतकरी भाताचे धसकट अधिकच पेटवू लागले, आणि धूर नेमका वारा पडलेल्या थंडीच्या तोंडावर दिल्लीवर जमू लागला. भाताची हमी खरेदी तशीच चालू होती. तिला कोणी हात लावला नाही.

खरेदीला हात लावला ओडिशाने, आणि गेल्या दशकातला भारतातला सर्वांत विचारपूर्वक केलेला प्रयोग म्हणून तो अभ्यासण्यासारखा आहे. 2017 मध्ये सात जिल्ह्यांतल्या तीस तालुक्यांत तिथे भरडधान्य मिशन सुरू झाले, मुख्यतः आदिवासी भागात आणि मुख्यतः नाचणीसाठी, जिला तिकडे मंडिया म्हणतात. सुधारित पद्धतीने लागवड करणाऱ्याला तीन वर्षे उतरत्या क्रमाने प्रोत्साहनाची रक्कम थेट खात्यात मिळत होती : पहिल्या वर्षी जास्त, मग कमी, मग आणखी कमी. पण मिशन तिथे थांबले नाही. आदिवासी विकास सहकारी महामंडळाने हमीभावाने नाचणी विकत घेतली. ती रेशनवर दिली. केओंझर जिल्ह्यात अंगणवाडीतल्या मुलांना नाचणीचे लाडू दिले. गावोगाव बचत गटांना मळणी आणि दळणाची यंत्रे दिली, कारण नाचणी मागे पडण्यात बायकांच्या हातांनी करावी लागणारी कांडण-दळणाची मेहनत हे मोठे कारण होते. स्थानिक वाणांची बियाणे केंद्रे गावातल्या लोकांनी चालवली. बी, लागवड, मळणी, खरेदी, ताट, अशी पूर्ण साखळी एका हाताखाली आली. पुढे मिशन राज्यभर पसरले.

महाराष्ट्रात ज्वारीची गोष्ट याच्या उलट घडली. 1960-61 मध्ये राज्यात साठ लाख हेक्टरांहून अधिक जमिनीवर ज्वारी होती. आज ती वीस लाखांच्याही खाली आली आहे. मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकन मिळाले, शहरातल्या माणसाला मधुमेहाच्या भीतीने भाकरीची आठवण झाली, तरी क्षेत्र घटतेच आहे. स्वस्त धान्य दुकानातून वर्षानुवर्षे गहू आणि तांदूळ मिळाला, काढणीला मजूर मिळेनासे झाले, विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनने खरीप ज्वारीची जागा घेतली. ज्वारीबरोबर कडबाही गेला, कडब्याबरोबर जनावरे कमी झाली, आणि जनावरांबरोबर शेणखत. आता तिथल्या शेतकऱ्याला सेंद्रिय खताबद्दल व्याख्यान देताना ही साखळी कोणत्या धोरणाने तुटली, हे आधी सांगायला हवे.

कारभाराचा आणखी एक भाग म्हणजे निर्णय घेणारे हात कोणाचे. आंध्र प्रदेशात 2016 पासून नैसर्गिक शेतीचा जो मोठा कार्यक्रम चालू आहे त्याची मूळ प्रेरणा अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांची. जीवामृत आणि बीजामृत हे शब्द तेलुगू गावांत मराठी मुलखातून गेले. पण पाळेकरांच्या शिबिरांतून महाराष्ट्रात जे झाले नाही ते तिथे झाले, कारण आंध्रात स्त्रियांच्या बचत गटांचे भक्कम जाळे आधीच होते आणि सनदी अधिकारी टी. विजयकुमार यांच्यासारख्यांनी त्यावर हा कार्यक्रम उभा केला. शेतकऱ्याला शेतकरीच शिकवतो, आणि त्याला त्या कामाचे मानधन मिळते. लाखो शेतकरी त्यात आले. 2024 चा गुलबेंकियन पुरस्कार या कार्यक्रमाला विभागून मिळाला. या पद्धतीच्या शास्त्रीय आधाराबद्दल राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने 2019 मध्ये जाहीर आक्षेप घेतले होते आणि उत्पादनाबद्दलचा वाद अजून मिटलेला नाही. तो वाद शेतातल्या मोजमापानेच मिटायला हवा, घोषणांनी नव्हे. पण गावातल्या बायकांकडे कार्यक्रमाची सूत्रे देण्याचा धडा त्या वादापलीकडचा आहे.

मराठवाड्यातही त्याची प्रचिती आली आहे. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर तिथे काम सुरू केलेल्या स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेने स्त्रियांना घरच्या जमिनीतला एक एकर स्वतःच्या निर्णयाखाली घ्यायला प्रोत्साहन दिले. त्या एकरात भाजी, कडधान्ये, ज्वारी-बाजरी, कमी पाण्यावर आणि रसायनांशिवाय. नवऱ्याचे सोयाबीन किंवा ऊस बाजूला तसाच. दुष्काळात सोयाबीन गेले तेव्हा याच एकराने घर चालवले. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार या कामाला 2017 मध्ये मिळाला. यात मोठी अक्कल आहे : संपूर्ण शेत पणाला न लावता एका तुकड्यावर बदल करून पाहणे, म्हणजे मधल्या वर्षांचा धोका घरातच विभागून घेणे. फक्त तो एकर सातबाऱ्यावर तिच्या नावावर नसतो. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 1990 च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली, त्या हाकेचे उरलेले काम इथे येऊन मिळते. नाव नसेल तर पीककर्ज नाही, विमा नाही, आणि योजनेच्या अर्जावर सही नवऱ्याची.

पैशाची बाजू सगळ्यांत जास्त बोलकी आहे. 45 किलोच्या युरियाच्या गोणीची किंमत गेली अनेक वर्षे नीमलेपनाचा खर्च आणि कर धरून 266 रुपये 50 पैशांवर बांधलेली आहे. प्रत्यक्ष खर्च त्याच्या कितीतरी पट. 2022-23 या एका वर्षात केंद्राचे खत अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या पुढे गेले. युक्रेन युद्धाने भाव भडकलेले ते वर्ष होते हे खरे, पण एरवीही हा खर्च लाख कोटींच्या घरातच असतो. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाची तरतूद आहे 2,481 कोटी रुपये, एक कोटी शेतकऱ्यांसाठी, आणि तीही एका वर्षाची नव्हे. म्हणजे शेतकऱ्यामागे अडीच हजारांच्या आत. स्वस्त गोणी काढून घ्यावी असा याचा अर्थ नाही. श्रीलंकेने तो रस्ता कुठे जातो ते दाखवले आहे. पण बदलाची वर्षे अंगावर घ्यायची असतील तर त्यासाठीचा पैसाही त्याच मापाचा लागेल.

युरोपात भार कोणी उचलायचा हाच प्रश्न नायट्रोजन आणि गुरांच्या उत्सर्जनाच्या रूपाने उभा राहिला. नेदरलँड्समध्ये 2019 च्या मे महिन्यात न्यायालयाने सरकारची नायट्रोजन परवान्यांची पद्धत अवैध ठरवली. ऑक्टोबरमध्ये हजारो ट्रॅक्टर हेगच्या रस्त्यांवर आले, आणि 2022 मध्ये कोणत्या भागात किती कपात करायची याचा नकाशाच सरकारने प्रसिद्ध केल्यावर वातावरण आणखी तापले. 2023 च्या प्रांतिक निवडणुकांत शेतकऱ्यांचा नवा पक्ष सर्वांत मोठा ठरला. डेन्मार्कने 2024 मध्ये गुरांच्या उत्सर्जनावर कर लावण्याचे ठरवले, पण तो ठराव शेतकऱ्यांची संघटना, निसर्गरक्षक, उद्योग, कामगार संघटना आणि स्थानिक स्वराज्य संस्था एका टेबलाशी महिनोन्‌महिने बसून झाला. कर 2030 पासून, टनाला 300 क्रोनर, त्यात मोठी सूट, पाच वर्षांनी वाढ. शेतकरी खूश नव्हते. तरी करारावर त्यांच्या प्रतिनिधींची संमती होती, आणि आपल्याला केव्हा काय द्यावे लागेल हे त्यांना सहा वर्षे आधी ठाऊक झाले.

पुढील पाने वाचताना वाचकाने प्रत्येक योजनेला आणि प्रत्येक यशकथेला मधल्या वर्षांचा प्रश्न विचारावा : तेव्हा तोटा कोणी सोसला, आणि पाण्याचे, मजुरांचे, बायकांचे काय झाले? हा प्रश्न पुस्तकापुरता ठेवू नये. जिल्हा वार्षिक योजनेत ज्वारी-नाचणीच्या खरेदीसाठी किती पैसे ठेवले, शाळेच्या आणि अंगणवाडीच्या आहारात स्थानिक धान्य किती आले, आपल्या गावाच्या ग्रामसभेत पाण्याचा हिशेब शेवटचा कधी मांडला गेला, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे, शेत असो वा नसो. तो अधिकार वापरावा, आणि उत्तर लेखी मागावे.